तमिळनाडू पासिंगची ओम्नी

६ एप्रिल, रविवार. सेलम

ही डायरी एका सराफानं दिलेली. तीन महिने कोरीच पडली होती. आठवीत शाळा सोडल्यापासून मी सोन्याच्या पुडीवर नाव आणि वजन सोडून काही लिहिलं नाही. पण आज डोक्यात एवढं भरलंय की कुठं तरी ओतलं पाहिजे, आणि इथं सांगावं असं माणूस नाही. नाथाजीमामाला सांगितलं की ते संध्याकाळपर्यंत विट्यात पोचतं. मामा म्हणजे दुकानाचे मालक, आईचे चुलतभाऊ.

तर मी नवी गाडी बुक केली. सांगलीच्या शोरूमला, फोनवरनं. पांढरी, वरचं छप्पर उघडणारी. अठरा तारखेला शुक्रवारी दुपारी ताब्यात मिळणार, आणि शनिवारी गावची जत्रा सुरू.

विट्याजवळच्या आमच्या हिवरमाळात घरटी एक माणूस गलाईला बाहेर आहे. सराफाचं सोनं गाळायचं, शुद्ध करायचं, त्याचं त्याला परत द्यायचं, हा धंदा. कोण केरळात, कोण बंगालात, कोण पार आसामात. वर्षभर गावात म्हातारी माणसं आणि कोंबड्या. जत्रेला मात्र भैरोबाच्या माळावर सगळ्या देशाच्या नंबरप्लेटी उभ्या राहतात. कोण कसा चाललाय हे कोणी तोंडानं विचारत नाही, माळावर चक्कर मारून गाड्या बघून येतात. माझी ओम्नी गेली चार वर्षं शेवटच्या रांगेत, उसाच्या रसाच्या गाड्याशेजारी. गेल्या साली एकानं तिच्या दारावर टकटक करून, ब्रेडची गाडी असल्यासारखे, दोन पाव मागितले. सगळे हसले. मी पण हसलो. घरी जाऊन जेवलो नाही.

ह्या साली ते चालणार नाही. साताऱ्याकडच्या औंधाजवळच्या गावातलं स्थळ आलंय. क्रांती नाव. तिचे वडील अमृत सुभेदार, फौजेतनं रिटायर झालेले. सोमवारी, एकवीसला आम्ही तिला बघायला जायचं. गलाईवाल्यांची सगळी लग्नं ह्याच आठ दिवसांत ठरतात, परत वर्षभर कोणी सापडत नाही. मामा काल भट्टीपाशी सगळ्यांच्या देखत म्हणाले, "शंभू, ब्रेडच्या डब्यात बसून पोरगी बघाया जाणार व्हय रं?"

फोटो आलाय. फोटोत ती हसत नाही. मला ते बरं वाटलं.

९ एप्रिल, बुधवार

ओम्नीला गिऱ्हाईक मिळालं. मिरजेचे सरफराजभाई. तानपुरे, सतारी करणारं घर आहे. मोबाइलवर गाडीचे फोटो टाकले होते, ते बघून त्यांचा फोन आला. तानपुरे पुण्याला पोचवायला टेम्पोवाले हाल करतात, म्हणून स्वतःची गाडी पाहिजे. पासिंग बाहेरचं आहे म्हटलं तर म्हणाले, कागद मी बघतो. मग म्हणाले, "तुमी गलाईवाली माणसं. कुनाचं बी सोनं पावतीबिगर सांभाळता. तुमच्या शब्दाला आनि काय बघायचं?"

छाती फुगली. खरंच आहे ते. सराफ कागदाच्या पुडीत सोनं बांधून देतो आणि मागं वळून बघत नाही. सात वर्षांत माझ्या पुडीचं वजन कोणी दुसऱ्यांदा केलं नाही.

एक गोष्ट फक्त इथं लिहितो. गाडीत सरकत्या दाराच्या आत, मधल्या सीटच्या पुढं, पत्र्याला भोक आहे. हाताचा पंजा जाईल एवढं. दोन वर्षांमागं सोनं शुद्ध करायला लागणाऱ्या तेजाबाचा कॅन आणताना मी टोपण नीट पिळलं नाही. दुकानाशी येईपर्यंत तेजाबानं पत्रा खाल्ला होता. वरनं पत्र्याचा तुकडा चिकटवला, काळा रंग मारला, त्यावर जाड रबरी मॅट टाकली. मामालाही कधी सांगितलं नाही.

सरफराजभाईंना तानपुरे न्यायचेत. तानपुऱ्याला काय पाय असतात?

१३ एप्रिल, रविवार. हुबळी

पहाटे पाचला सेलम सोडलं, दिवस मावळायला हुबळीत. सहाशेच्या वर किलोमीटर झाले. ओम्नी एकदाही कुरकुरली नाही. चित्रदुर्गाच्या पवनचक्क्यांपाशी वारं असं आडवं लागलं की मोठाल्या गाड्या पण डुलत होत्या, आणि ही आपली मान खाली घालून चालली. शेवटची फेरी आहे हे तिला कुठं माहीत.

इथं आपल्या खानापूर तालुक्यातल्या एकाच्या गलाईच्या दुकानात पथारी टाकलीय. प्रत्येक गावात आपलं एक दुकान असतंच. त्यानं विचारलं, "आजून हीच हाय व्हय?" मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत.

१४ एप्रिल, सोमवार. हिवरमाळ

आधी मिरज लिहितो.

आंबेडकर जयंतीच्या कमानी लागल्या होत्या, सगळीकडं निळे झेंडे, दोन रस्ते बंद. वळसे घालत सतारमेकर गल्लीत अकराला पोचलो. सरफराजभाई चाळिशीचे, हाताला लाखेचा वास. त्यांनी टायर बघितले, इंजिन ऐकलं, खाली वाकून सायलेन्सर बघितला. त्यांच्या घरच्या, दिलशादभाभी, चहा घेऊन आल्या आणि सरकतं दार दोनदा उघडून लावून बघितलं. हलकं जातंय म्हणाल्या आणि आत गेल्या.

मग त्यांचे वडील आले. मोहिद्दीनचाचा. डोळ्यांनी कमी दिसतं, पण हात गप्प बसत नाही. दिसेल त्याला बोटाच्या पेरानं वाजवून बघतात. दाराची चौकट वाजवली, चहाचा कप वाजवला. सरफराजभाई हसून म्हणाले की तानपुऱ्याचा भोपळा आतनं कसा आहे ते अब्बा न कापता सांगतात, तीच सवय लागलीय. चाचा ओम्नीत चढून मधल्या सीटवर बसले आणि वाजवायला लागले. पुढची सीट, खांब, छत. मग वाकून मॅटवर टकटक. दाराजवळ आल्यावर हात थांबला.

"हितं आवाज बसलाय," म्हणाले.

मी म्हटलं, "मॅट जाड हाय, चाचा."

त्यांनी हात तिथंच ठेवला थोडा वेळ. मग म्हणाले, "आसंल."

झालं एवढंच. सरफराजभाईंनी इसाराचं पाकीट माझ्या हातात दिलं. मी लिहून देऊ का विचारलं तर कानाला हात लावून नको म्हणाले. शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाच्या आधी गाडी आणून द्यायची, तोवर गावाकडं वापरायची. मी तिथनं रिक्षानं सांगलीला जाऊन नवी ताब्यात घ्यायची. घड्याळासारखं बसलंय सगळं.

मला वाटलं नव्हतं, पण गाडी विकायची कला आहे माझ्यात. पाकीट न उघडता आईच्या ट्रंकेत ठेवलं.

१५ एप्रिल, मंगळवार

सकाळी उठलो तर तात्या, माझे वडील, गाडी धूत होते. दर साली हेच. मी आलो की दुसऱ्या दिवशी बादली, फडकं आणि तात्या. वीस वर्षं त्यांनी गुंटूरला गलाई केली. तेव्हा गाडी कुठली, रेल्वेनं मिरजेला उतरायचं आणि मिळेल त्यानं गावात यायचं. छातीत तेजाबाचा धूर बसला म्हणून परत आले. अजून खोकतात.

मी चहा घेऊन गेलो तर मॅट अंगणात वाळत होती आणि तात्या आत वाकून बघत होते. माझा तुकडा त्यांनी नखानं उचकटला होता.

म्हणाले, "तेजाब हाय हे."

व्हय म्हटलं.

तात्या खाली उतरले. फडकं पिळलं, परत पिळलं, पाणी नव्हतं तरी पिळत राहिले. मग माझ्याकडं बघून विचारलं, "मिरजवाल्याला दावलंस न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं. "दावलं की."

लय वेळ बघत होते. मला वाटलं आता काही तरी विचारतील. पण चहा घेतला, बशीत ओतला, फुंकून प्याले. म्हणाले, "मग झ्याक केलंस." आणि उठून पारावर गेले.

सुटलो.

१६ एप्रिल, बुधवार

दाढी करायला सिद्धूच्या दुकानात गेलो. सिद्धूनं वस्तरा माझ्या गळ्याला लावला आणि म्हणाला, "गड्या, आमी आसतो तर मॅटवर आनि एक मॅट टाकली आसती. तू भोक दाऊन गाडी इकलीस?"

कोण म्हणालं विचारलं, तर म्हणाला तुझा बाप. काल पारावर बसून तात्यांनी सगळ्यांना सांगितलं. माझ्या पोरानं गिऱ्हाईकाचं बोट धरून भोकात घातलं आणि मग व्यवहार केला म्हणे. बोट मी कधी धरलं, कुणाचं धरलं? तात्या असे नाहीत. गावात ते कधी कुणाशी चार वाक्यं बोलत नाहीत.

बाकड्यावर दोन म्हातारे होते. एकजण म्हणाला, "ल्येका, तुझ्या बापावर गेलास." मला वस्तऱ्यामुळं मान हलवता आली नाही, ते बरं झालं.

विट्याला जाऊन सोमवारसाठी शर्ट घेतला. फिका निळा. दुकानदारानं ओळखलं. "भोकवाला शंभूराज तूच न्हवं?" विट्यापर्यंत पोचलंय. मामा तर अजून सेलममधनं निघाले पण नाहीत.

१७ एप्रिल, गुरुवार

काम नसलं की माझा जीव फिरत राहतो. सकाळी विहिरीवर गेलो, परत आलो, माळावर गेलो, मंडपवाल्यांना दोन बांबू धरू लागलो, परत आलो. आई म्हणाली एका जागी बस, पायाला भिंगरी लागलीय का.

दुपारी जेवताना तात्यांनी स्वतः सुभेदारांना फोन लावला. तात्यांना फोन लावता येत नाही असं मला वाटत होतं. सोमवारी किती वाजता यायचं हे ठरलं होतं, तरी परत विचारलं, आणि मग भोकाची गोष्ट काढली. पहिल्यापासनं शेवटपर्यंत. मोबाइल स्पीकरवर होता, माझ्या ताटाशेजारी. बोट धरलं ते पण सांगितलं.

सुभेदार म्हणाले, "आवं, मोटारीचं मला काय कवतिक न्हाई. मोटारी लय येत्यात दारात. पन आसं करनारं पोरगं बघायचं हाय मला."

तात्या मोबाइल ठेवून म्हणाले, "आईक, भाकरी घेतीस का आनि?" हे आईला, मला नव्हे. माझ्याकडं बघितलं पण नाही.

आता हिशेबानं बघितलं तर अडचण काहीच नाही. सरफराजभाई मिरजेला, सुभेदार औंधाकडं, दोघांची गाठ कशाला पडतेय? उद्या गाडी दिली की विषय संपला. तात्यांना काय माहीत, त्यांनी ऐकलं ते सांगितलं. खोटं मी बोललो, ते कुठं बोलले. आणि माझ्या खोट्यानं कुणाचं वाईट झालेलं नाही, चांगलंच झालंय. सुभेदार खूष, गाव खूष.

फक्त एक चाचा. ते पण 'आसंल' म्हणालेत.

हे सगळं लिहून बघितलं तरी एका जागी बसवेना. अंगणात जाऊन ओम्नीत बसलो. मामाची होती तेव्हा मी हिच्यात मागं तेजाबाच्या कॅनांच्या मधे बसायचो. ज्या दिवशी माझी झाली त्या दिवशी सेलमच्या बाजारातनं तीन फेऱ्या मारल्या, काही आणायचं नव्हतं तरी.

१८ एप्रिल, शुक्रवार

आज बरंच लिहायचं आहे.

सकाळी बघतो तर तात्यांनी गाडी परत धुवून ठेवलेली. मॅट गुंडाळून, सुतळीनं बांधून मागच्या सीटवर. मी लावलेला तुकडा तर नव्हताच कुठं. भोकातनं अंगणातली माती दिसत होती. म्हातारपण, दुसरं काय. धुतल्यावर परत अंथरायची विसरले. मी सुतळी सोडली, मॅट टाकली, चारी कोपरे दाबले. तात्या ओट्यावर बसून बघत होते. खोकले नाहीत पण.

तासगावच्या पुढं डाव्या हातानं दोनदा मागं मॅट चाचपून बघितली.

सतारमेकर गल्लीत साडेदहाला पोचलो. दिलशादभाभी नवी साडी नेसून दारात, हातात नारळ. सरफराजभाई म्हणाले की आज पहिली चक्कर घरच्यांची, दर्ग्यापर्यंत, मग पुण्याचं काम. मी किल्ली काढत होतो, तेवढ्यात त्यांची पोरगी, मिस्बाह, पाच-सहा वर्षांची, मलाच खिडकी म्हणत पळत आली. दार सरकवलं आणि उडी मारून आत.

तिची चप्पल मॅटवर पडली आणि खालनं आवाज आला. बसका. ओल्या मडक्यासारखा. दोन वर्षं मी ह्या गाडीत चढतोय-उतरतोय, तो आवाज मला आज पहिल्यांदा ऐकू आला.

मी तिला काखेत हात घालून उचललं आणि बाहेर ठेवलं. मग मॅट ओढली. कसं बोलायचं ते ठरवलं नव्हतं. म्हटलं, "सरफराजभाई, हे तुमाला सोमवारी दावायला पायजे हुतं."

त्यांनी वाकून बघितलं. भोकातनं गल्लीतली फरशी दिसत होती. पोरीच्या पायाकडं बघितलं. मला वाटलं आता मारतील. आवाज पण चढवला नाही त्यांनी.

"अब्बा त्याच दिवशी म्हनले, खाली पोकळ हाय," ते म्हणाले. "मी त्यास्नी काय म्हनलं म्हाईत हाय? अब्बा, गलाईवाला मानूस हाय, आसतं तर बोलला आसता. बापाच्या कानावर न्हाई, तुमच्या शब्दावर इसंबलो मी."

ह्यापेक्षा मारलं असतं तर चाललं असतं.

पाकीट काढून दिलं, तसंच बंद. त्यांनी घेतलं. भाभी पोरीला घेऊन आत गेल्या, नारळ तसाच हातात. मी गल्लीत उभा. शोरूमला फोन केला आणि सांगितलं की आज गाडी उचलता येत नाही, जुनी दिली नाही. तो म्हणाला पांढरी मग दुसऱ्याला जाईल, तुमचं पुढच्या महिन्यात बघू, बुकिंग ठेवायचं का काढायचं ते कळवा. कळवतो म्हटलं.

मोहिद्दीनचाचा कधी शेजारी आले कळलं नाही. माझ्या मनगटाला धरलं आणि मागच्या बोळात एका वेल्डिंगवाल्याकडं घेऊन गेले. रागानं नेतायत की मायेनं, काही समजेना. वेल्डिंगवाल्यानं सडलेला भाग चौकोनी कापून काढला. हातानं दाबला तर पापडासारखा मोडला. पंज्याएवढं भोक म्हणत होतो मी, आजूबाजूचा पत्रा धरून परातीएवढं निघालं. नवा जाड पत्रा बसवायला चार तास लागले. मध्ये अजान झाली, चाचा नमाजाला जाऊन परत त्याच स्टुलावर येऊन बसले. काम झाल्यावर त्यांनी पेरानं वाजवत कोपऱ्यापासनं कोपऱ्यापर्यंत बघितलं. एका ठिकाणी थांबले आणि वेल्डिंगवाल्याला परत टाका मारायला लावलं. त्यानं कुरकुर केली नाही. चाचांना सगळी गल्ली वचकून आहे.

निघताना सरफराजभाई बोळाच्या तोंडाशी उभे होते. लांबनंच म्हणाले, "जत्रा झाल्यावर फोन करा. बघू."

घरी सहाला आलो. ओम्नी घेऊन गेलो आणि ओम्नीच घेऊन आलो. तात्या ओट्यावरच. गाडी परत का आली, नवी कुठं आहे, एका शब्दानं विचारलं नाही. आत चढून नव्या पत्र्यावर पाय ठेवून उभे राहिले. उतरले आणि आईला म्हणाले, "पोरगं दमून आलंय. ज्येवाय वाढ."

मला वाटतं त्यांना काय झालं ते नीट कळलेलं नाही. कसं सांगू? सगळ्या गावाला त्यांनी सांगितलंय.

१९ एप्रिल, शनिवार

माळ भरला. केरळ, आंध्र, बंगाल, आसाम. मामांची गाडी पहिल्या रांगेत, घराएवढी. मामांनी विचारलं, "तुजी नवी कुठाय रं?" म्हटलं आली नाही. "मग सोमवारी कसं?" म्हटलं ओम्नी आहे की. मामांनी कपाळाला हात लावला आणि माझी ने म्हणून किल्ली पुढं केली. मनापासनं केली, हे खरं. पण मी घेतली नाही. का घेतली नाही ते मलाच सांगता येणार नाही. काल-परवाची गोष्ट असती तर पळत घेतली असती.

मग त्यांना तेजाबाचं सांगितलं. टोपण मीच पिळलं नव्हतं म्हणून. मामा म्हणाले, "आगुदर सांगाय काय झालं हुतं?" आणि दोन शिव्या दिल्या. तेवढ्यावर भागलं. दोन वर्षं मी उगाच ओझं वाहिलं.

ओम्नी शेवटच्या रांगेत, रसाच्या गाड्याशेजारीच. पण तात्या दिवसभर तिच्यापाशी उभे होते. बॉनेटवर गुलाल टाकला, हार घातला, येईल त्याला दार सरकवून पत्रा दाखवत होते. पहिल्या रांगेतली माणसं सुद्धा येऊन वाकून बघून जात होती. मागच्या साली पाव मागणारा पण आला. त्यानं पत्र्यावर बुक्की मारून बघितली आणि हात झटकला.

गाडी तीच, जागा तीच. मला मात्र तिथनं हलावंसं वाटत नव्हतं.

२१ एप्रिल, सोमवार

काल पालखी आणि कुस्त्या, लिहायला बसलो नाही.

आज आई, तात्या आणि मी औंधाकडं गेलो. सुभेदारांचं घर रस्त्यालगत, पुढं चिंच. सुभेदार ताठ, पांढरा सदरा, मिशी कातरलेली. दोघंतिघं पाहुणे होते. क्रांती पोहे घेऊन आली. फोटोत आहे तशीच. हसली नाही, पण बघितलं सरळ. औंधाला कॉलेज केलंय, आता दूध डेअरीत हिशेब बघते. तिनं विचारलं की आठवीत शाळा का सोडली. मी म्हटलं बसवत नव्हतं एका जागी. ती म्हणाली, अजून बसवत नाही वाटतं. माझा पाय हलत होता.

मग सुभेदारांनी गोष्ट काढलीच. पाहुण्यांना सांगायला लागले की पोरानं मिरजेच्या माणसाचं बोट धरून. तात्या मान खाली घालून ऐकत होते. मला गप्प बसता आलं असतं. गोष्ट आता खरी झालीच होती. दोन-चार दिवस इकडं-तिकडं, एवढंच.

पण ते तोंड भरून बोलत होते आणि पाहुणे माझ्याकडं बघून माना हलवत होते. मला तो बसका आवाज ऐकू यायला लागला.

मी म्हटलं, "सुभेदार, तात्यांनी तुमाला सांगितलं तवा ते खरं न्हवतं. मी तात्यांशी खोटं बोललो हुतो. मिरजवाल्याला मी शुक्रवारी दावलं. त्यांची पोरगी त्याच्यावर उभी ऱ्हायली, तवा. बोटबिट कुनाचं धरलं न्हाई."

आईनं पदर तोंडाला लावला. पाहुण्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. सुभेदार तात्यांकडं बघायला लागले, आणि मला वाटलं मी तात्यांना भर बैठकीत खाली बघायला लावलं.

तात्यांनी वर बघितलं. डोळ्यांत लाज नव्हती. जत्रेत कुस्ती मारलेल्या पैलवानासारखं तोंड होतं त्यांचं.

"दिवसाचं सोडा, सुबेदार," ते म्हणाले. "पोरगं माजंच हाय का न्हाई, तेवढं सांगा."

सुभेदारांनी एकदा मिशीवरनं हात फिरवला. "व्हय," म्हणाले. "तुमचंच हाय."

वेळ निभावून नेली तात्यांनी. त्यांना एवढं पटकन सुचेल असं वाटलं नव्हतं. मी खोटं बोललो ह्याचा राग आज ना उद्या काढतील.

निघताना क्रांती चिंचेखाली आली. ओम्नीचं दार स्वतः सरकवलं, वर चढली आणि नव्या पत्र्यावर दोनदा पाय आपटून बघितला. मी सांगितलं की मिरजवाले अजून घेतील बहुतेक, आणि सांगलीला नवीचं बुकिंग पण आहे, काय करावं ते कळेना. ती खाली उतरली, दार लावून घेतलं.

"ही ठेवा," म्हणाली. "हिचं काय बिघडतंय ते तरी तुम्हाला माहितीये. नवी घ्यायची तेव्हा दोघं जाऊन बघू."

आणि आत गेली.

म्हणजे ठेवायची, हे नक्की. उद्या सरफराजभाईंना फोन करून सांगायचं, आणि सेलमला जाताना मिरजेवरनंच जायचं, मिस्बाहला एक चक्कर मारून आणायची. पुण्याला न्यायचे तानपुरे असतील तर परत येईन तेव्हा मीच पोचवीन म्हणतो. अक्षय तृतीयेच्या आधी दुकानात पोचायला पाहिजे, सोन्याची गर्दी होते.

परत येताना मी चालवत होतो आणि डोक्यात बुकिंगच फिरत होतं. पुसेसावळी मागं टाकली तेव्हा आईला विचारलं, शोरूमवाल्याला काय कळवू, ठेवू का काढू? आई म्हणाली तिनं सांगितलं की. मी म्हटलं ती नवी नको असं कुठं म्हणाली, दोघं जाऊन बघू म्हणाली.

तात्या मागनं म्हणाले, "व्हय. दोघं."

आणि खोकला लागेपर्यंत हसत राहिले. आई पण हसायला लागली. म्हाताऱ्या माणसांना कशाचं हसू येईल सांगता येत नाही. मी तसाच पुढं एक-दोन किलोमीटर गेलो, आणि मग गाडी बाजूला घेऊन उभी केली.